दारूवाल्यांची पावडर आणि मोरीतलं ॲसिड



एक निरोप सध्या मोबाइलवर फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. परदेशात दारू करणारे लोक ज्या पावडरीने आपली भांडी धुतात, तीच पावडर डाग काढायची म्हणून आपल्या घरांत शिरली आहे. श्रावकाच्या घरी ती वर्ज्य समजावी, चौक्याच्या आसपास तर येऊच देऊ नये, असा त्याचा मतलब. खाली जोडलेले हात आणि दिवा. मला तो चार ठिकाणांहून आला. त्यातल्या एका घरी सासूबाईंनी सुनेला पावडरीचा डबा उचलून जिन्याखाली ठेवायला लावला. बाथरूम घासायची ॲसिडची बाटली मात्र जागच्या जागी राहिली. त्या बाटलीमुळे मी आज लिहायला बसले आहे.

आधी ही पावडर म्हणजे काय ते बघू. डब्यावर 'ऑक्सिजन', 'ऑक्सी' असं काहीबाही लिहिलेलं असतं. आत मुख्य वस्तू असते सोडियम परकार्बोनेट. आपला धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड या दोन्हींचे मिळून झालेले पांढरे दाणे. वजनाने साधारण दोन भाग सोडा आणि एक भाग पेरॉक्साइड. पाण्यात पडले की दोघं वेगळे होतात. सोडा तेलकटपणा सोडवतो, पेरॉक्साइड डागाचा रंग मोडतो, आणि हे काम करता करता पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं. पाण्यात बारीक बुडबुडे दिसतात ते त्याचेच. मागे उरतो तो सोडा. पावडर नवी नाही, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोध लागलेली आहे. जर्मनीत 1907 साली 'पर्सिल' नावाची धुण्याची पावडर निघाली, तिच्यात हिची चुलत बहीण परबोरेट होती. नावातलं 'पर' तिचंच. अमेरिकेत 1997 साली 'ऑक्सिक्लीन' आलं, टीव्हीवर ओरडून ओरडून विकलं गेलं, तेव्हापासून घरोघर झालं.

आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या आणि पांढरे कपडे ओलेच गच्चीवर उन्हात पसरायच्या. राखेत क्षार असतो, तो सोड्याचा भाऊ. आणि ऊन हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने रंग मोडतं. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात दोन दिवसांत उडतो, हे आपल्यातल्या प्रत्येकीने पाहिलेलं आहे. राख आणि ऊन एका चमच्यात आणली की ही पावडर झाली. म्हणून ती 'नैसर्गिक' आहे असं मात्र मी म्हणणार नाही, कारखान्यातच होते ती. त्या मुद्द्यावर पुढे येतेच.

आता दारूवाले. निरोपातली ही गोष्ट खोटी नाही. अमेरिकेत घरच्या घरी बिअर करायला 1978 च्या कायद्याने मोकळीक दिली, आणि तिथे तो हजारो लोकांचा छंद आहे, आपल्याकडे कोणी बागकाम करतं तसा. त्यांची मोठी अडचण भांड्यांची. बिअर आंबते तेव्हा फेस वर चढतो, आणि भांड्याच्या आतल्या कडेला चिकट तपकिरी वेटोळं वाळून बसतं. काचेच्या बरणीचं तोंड इतकं अरुंद की हात जात नाही. प्लॅस्टिकचं भांडं असेल तर घासणीने चरे पडतात, आणि त्या चऱ्यांत नको ते जीव दडून बसतात, मग पुढचा घाणा नासतो. ब्लीच वापरलं आणि धुण्यात कसूर राहिली तर त्यातला क्लोरीन धान्याच्या रसाशी मिळून औषधासारखी चव आणतो. म्हणून ही मंडळी गरम पाण्यात परकार्बोनेट टाकून भांडं रात्रभर भरून ठेवतात. घासायचं नाही. सकाळी ओतायचं, चांगलं विसळायचं. जुन्या बाटल्यांवरची चिकटवलेली लेबलंसुद्धा याच पाण्यात सुटतात. आणि त्यांच्यात एक शिस्त आहे, ती मला आवडली: स्वच्छ करणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. पावडरीने भांडं स्वच्छ होतं. त्यानंतर निर्जंतुक करायला ते दुसरं द्रव्य वापरतात, आणि आधी स्वच्छ नसेल तर त्याचा उपयोग नाही हे जाणून असतात. आपल्याकडे चिकट ओट्यावर जंतुनाशकाचे दोन फवारे मारून समाधान मानणाऱ्या घरांची मला इथे आठवण होते.

म्हणजे दारूवाला ही पावडर वापरतो. बरं, मग? दारू तिच्यापासून होत नाही. ती दारूत जात नाही, भांडं धुऊन गटारात जाते. वापरणाऱ्यावरून वस्तू बाटत असेल तर यादी कुठे थांबवायची? आपण सांगली-कोल्हापूरकडच्या बायका. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल काढतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वास येतो ना रस्त्याने जाताना. म्हणून कोणी साखर सोडली? द्राक्षांची वाइन होते, म्हणून तासगावची द्राक्षं आणायची थांबली? काचेची बरणी, रबरी नळी, स्टीलचं पातेलं, थर्मामीटर, हे सगळं त्याच माणसाच्या ओट्यावर असतं.

मद्य का वर्ज्य हे आपल्या श्रावकाचारात स्पष्ट आहे. मद्य-मांस-मधु यांचा त्याग मूलगुणांत येतो. मद्याने बुद्धी भ्रमते हे एक, आणि मद्य हे असंख्य जिवांचं उत्पत्तिस्थान आहे हे दुसरं. (ज्यांनी कधी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता त्यांनी आंबलेल्या रसाबद्दल हे सांगून ठेवलं, आणि आज तो बिअरवालाही मान्य करतो की त्याच्या बरणीतलं सगळं काम यीस्ट नावाचा जीव करतो.) त्यागाचं कारण इतकं नेमकं दिलेलं असताना आपण ते सोडून 'त्यांची वस्तू' असा नवाच निकष का लावायचा? नियम पाळायला अवघड, शिवाशिव सोपी, एवढंच कारण मला दिसतं.

एक प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे: आत काय आहे? नुसत्या परकार्बोनेटमध्ये प्राणिज काही नाही. सोडा मीठ आणि चुनखडीपासून होतो किंवा खाणीतून निघतो, पेरॉक्साइड हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून. पण बाजारात डाग काढायचे म्हणून जे रंगीत डबे मिळतात त्यांत बऱ्याचदा सुगंध, साबणासारखी द्रव्यं आणि एन्झाइम घातलेले असतात. हे एन्झाइम जिवाणूंना वाढवून, आंबवण्याच्याच क्रियेने तयार करतात. म्हणजे ज्या बाईला खरोखर काटेकोर राहायचं आहे तिने निरोप पुढे ढकलण्याऐवजी डब्याची मागची बाजू वाचावी आणि साधं, काही न मिसळलेलं परकार्बोनेट घ्यावं. माझ्या घरी तेच आहे.

आता हिंसेचं. 'ऑक्सिजन आहे, याने जीव मरत नाहीत' असंही एक उलटं बोलणं ऐकू येतं. ते खरं नाही. गरम पाण्यातलं पेरॉक्साइड सूक्ष्म जीव मारतं. नुसतं गरम पाणीही मारतं, साबणही मारतो. घर चालवणाऱ्या बाईच्या हातून आरंभी हिंसा होते, म्हणून तर संकल्पी हिंसेपासून तिला वेगळं धरलं आहे. तिच्याकडून मागणी आहे ती यत्नाचाराची. जितकं टाळता येईल तितकं टाळायचं.

त्या मापाने मोजा मग. आपण मऊ केरसुणी वापरतो. मुंगी दिसली की कागदावर घेऊन बाहेर सोडतो. पाणी गाळून जिवाणी परत पोचवायचा नियम ज्यांच्याकडे अजून आहे त्यांना माझा नमस्कार. आपल्या सासवा गरम पाणी मोरीत ओतू द्यायच्या नाहीत, 'गार होऊ दे आधी, खाली जीव असतात' म्हणायच्या. आणि त्याच मोरीत आपण दर शनिवारी बाटली उपडी करतो, तिच्यातून धूर निघतो, फरशी फसफसते, झुरळं, गांडुळं, जे असेल ते जागेवर जळतं. याला कोणी हरकत घेत नाही, कारण फरशी चमकते. एकदाही निरोप आलेला नाही मला ॲसिडविरुद्ध.

परकार्बोनेटचं भिजवणं मुळातच तासाभराचं असतं. काम संपेपर्यंत पाणी आपोआप गार होतं, पेरॉक्साइड बरंचसं मोडून गेलेलं असतं, आणि आपण मोरीत ओततो ते सोड्याचं गार पाणी. पाप शून्य होतं असं नाही. पण दोन्हींत काही फरकच नाही असं म्हणायला मोठं धाडस लागेल.

आणि जीव फक्त मोरीत नसतात. बाथरूम कोण घासतं? बहुतेक घरांत कामाला येणारी मावशी. दार लोटलेलं, खिडकी हातभर, खाली उकिडवी बसलेली, तोंड फरशीपासून दीड फुटावर. ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्याची वाफच घसा जाळते. टॉयलेटच्या बाटल्यांतही पुष्कळदा तेच असतं, थोडं पातळ. वरून कोणीतरी 'जास्त पांढरं व्हावं' म्हणून ब्लीच ओततं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला गेलेला तो हाच वायू. आपल्या न्हाणीघरात तो तयार करायला दोन बाटल्या आणि एक अजाण हात पुरतो. मावशीला बाटलीवरचं इंग्रजी वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्या आपण वाचत नाही. तिला खोकला लागतो, आपण म्हणतो हवा बदलली.

सुप्रीम कोर्टाने 2013 साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली, मुलींच्या तोंडावर ते फेकलं जायचं म्हणून. विकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता, ओळखपत्र, सगळं नोंदायला सांगितलं. तरी आमच्या गल्लीत हातगाडीवर जुन्या पाण्याच्या बाटल्यांत भरून ते येतं आणि भाजीसारखं विकलं जातं. घेणारं कोणी आहे म्हणून येतं. पर्युषणात दहा दिवस उत्तम क्षमा, उत्तम मार्दव ऐकायचं आणि अकराव्या दिवशी मावशीच्या हातात ती बाटली द्यायची, हे मला जमत नाही. रागावलात तर रागवा.

'पण पावडरीने फरशीवरचे पांढरे डाग जात नाहीत,' असं मंडळातल्या एक काकू म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर हा चुना आहे, तो क्षाराने जात नाही, आंबटाने जातो. त्याला लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून लावा, अर्धा तास ठेवा, घासा. ॲसिडइतकं झटपट नाही, दोनदा करावं लागेल. संगमरवर आणि शहाबादी फरशीला मात्र कुठलंच आंबट लावू नका, दगडच खाल्ला जातो. पावडरीचं काम वेगळं: साबणाचा मेणचट थर, फरशीच्या सांध्यांतला काळा रंग, बादली-मग यांची बुळबुळ. आणि दोन्ही एकाच वेळी, एकात एक नाही. आधी एक, स्वच्छ धुऊन मग दुसरं. ब्लीचबरोबर तर पावडर कधीच नाही.

आता विकणाऱ्यांकडे वळते, कारण माझी बी.कॉम.ची डिग्री कपाटात पडून असली तरी हिशेब सुटलेला नाही. 'केमिकल-फ्री' असं लिहून ही पावडर विकणारे आहेत. रसायन नाही तर मग काय आहे, अंगारा? सोडियम परकार्बोनेट हे रसायन आहे, आणि डोळ्यांत गेलं तर डोळ्याला गंभीर इजा करू शकतं. 'सुरक्षित, मुलांच्या हातात द्या' असलं काही छापणाऱ्याने आपल्या मुलाच्या हातात द्यावं.

दुसरं, प्रमाण. युरोपात धुण्याच्या पावडरींवर छापावं लागतं की ऑक्सिजनवर आधारित ब्लीच 5 टक्क्यांहून कमी आहे, की 5 ते 15, की 15 ते 30, की 30 किंवा अधिक. मुलगी तिकडे असेल तर तिच्याकडून एखाद्या डब्याचा फोटो मागवून बघा. आपल्याकडच्या डब्यावर एवढी माहिती शोधून दाखवा. समजा किलोचा डबा 400 रुपयांना आहे आणि आत 30 टक्के परकार्बोनेट आहे. म्हणजे काम करणारा माल 300 ग्रॅम. उरलेल्या 700 ग्रॅममध्ये मोठा वाटा सोड्याचा, आणि धुण्याचा सोडा वाण्याकडे काय भावाने मिळतो ते तुम्हाला माहीत आहे. सोडा वाईट नाही, कामाचा आहे. पण सोडा घेऊन पेरॉक्साइडचा भाव देणं हा तोट्याचा व्यवहार झाला. साधी पावडर घ्या, हवं तर घरचा सोडा मिसळा.

वापरायचं कसं ते थोडक्यात, कारण निम्म्या तक्रारी 'काही फरक पडला नाही' अशा असतात आणि त्यांनी गार पाणी घेतलेलं असतं. गार पाण्यात ही पावडर आळसावते. विसण घालण्यापूर्वीचं आंघोळीचं पाणी, 50 अंशांच्या आसपासचं, हवं. पाच लिटरला दोन सपाट मोठे चमचे. चहाने काळवंडलेले कप वीस मिनिटांत निघतात. तळ लागलेलं दुधाचं स्टीलचं पातेलं दोन तासांत, घासणीशिवाय. थर्मास आणि मुलांच्या अरुंद तोंडाच्या बाटल्या रात्रभर, त्या बिअरवाल्यासारख्या. पण झाकण उघडं! वायू सुटत असतो, झाकण घट्ट लावलं तर बाटली फुटेल. उरलेलं पाणी बाटलीत भरून उद्यासाठी ठेवणाऱ्या काटकसरी बायकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. शिवाय उद्यापर्यंत त्यात दम राहतही नाही. डब्यात ओला चमचा घालू नका. हातमोजे घाला आणि मावशीलाही द्या, तिच्या मापाचे. भांडी तीनदा विसळा, बोटाला निसरडं लागतंय तोवर सोडा आहे.

ॲल्युमिनियमला लावू नका, काळं पडतं. तांब्या-पितळेला नको, त्यांचा रंग बिघडतो आणि तांब्याने पावडरही वाया जाते. म्हणजे बस्तीतल्या मूर्ती, कलश, आरती यांच्या जवळपाससुद्धा नेऊ नका, उत्साहाच्या भरात कोणीतरी नेईल म्हणून आत्ताच सांगते. रेशीम आणि लोकरीला नाही. पैठणी, सोवळ्याचं रेशमी, शाल, काही नाही. रंगीत सुती कपडा आधी कोपरा भिजवून बघा.

सुती पांढऱ्यावर मात्र तिच्यासारखी तीच. पाणी गाळायचं फडकं पिवळं, चिवट होतं, ते महिन्यातून एकदा भिजवा. आधी फडक्यातले जीव नेहमीप्रमाणे पाण्यात सोडून, मगच. आणि अभिषेकाचं धोतर-दुपट्टा. हळद, केशर, चंदन, दूध यांचे डाग घेऊन ते घरी येतात आणि मग नीळ घालघालून निळसर केले जातात. दूध-तुपासाठी आधी गार पाण्यात साबणाने धुऊन घ्या. मग गरम पाण्यात पावडर पूर्ण विरघळली की धोतर बुडवा, तास-दोन तास ठेवा, दोन पाण्यांतून काढा आणि ओलंच उन्हात टाका. केशराचा जुना डाग एका खेपेत जात नाही. दुसऱ्या दिवशी नव्या पाण्यात पुन्हा भिजवा. भाद्रपद अजून लांब आहे, तोवर दोन-तीन खेपा सहज होतील.